दोन्ही जाळ्या

आमचे अण्णा भाताला जेवण मानायचेच नाहीत. ते देवळ्याकडचे, कळण्याच्या भाकरीवर आणि ठेच्यावर वाढलेले. आई घोटीची, म्हणजे भातातच जन्मलेली. नाशकात सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत या एका विषयावर जेवढी भांडणं झाली, तेवढी देशाच्या राजकारणावरही झाली नसतील. आई म्हणायची, "तांदूळ शिजला की पलीकडच्या चाळीत वास जातो, यांच्या नाकाला काय झालंय कोण जाणे." अण्णा म्हणायचे, "वासानं पोट भरतं का? मला प्रेसवर उभं राहायचं हाय, पाळण्यात नाय निजायचं." कारखान्याचा भोंगा वाजला की आई स्टोव्हला पंप मारायला घ्यायची. त्या फरफर आवाजात दोघांचे टोमणे सुरू व्हायचे ते अण्णा शेवटचा घास घेईपर्यंत. ताटात मात्र रोज भाकरीही असायची आणि भातही. मी मध्ये बसून दोन्ही हाणायचे. घरात कोणी कोणाचं ऐकत नसे, पण कोणी उपाशीही राहत नसे. सुखाचे दिवस म्हणतात ते बहुधा हेच असावेत. तेव्हा कळलं नाही, आणि कळून करणार तरी काय होते?

अण्णा कामाला होते तिथे पत्र्याची कपाटं आणि विजेच्या पेट्या तयार व्हायच्या. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, बाई अजून डूख धरून आहे. आहेच. अण्णांची प्रेस आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी होती. समोरच्या माणसाने पत्रा आत सरकवायचा, वरून साचा दणकन खाली यायचा, आणि तयार तुकडा मागच्या माणसाने ओढून काढायचा. समोर शौकतकाका, मागे अण्णा. मध्ये यंत्राचं धूड, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसे. दोन्ही बाजूंना सरकती लोखंडी जाळी होती. मागे तुकडा निघाला, हात बाहेर आला, जाळी लागली, की अण्णा मोठ्याने ओरडायचे, "झालं!" ते ऐकून शौकतकाका दोन्ही हातांनी समोरची दोन बटणं दाबायचे आणि साचा खाली यायचा. दिवसभर हेच. त्या सवयीने अण्णांना घरातही हळू बोलता यायचं नाही. आंघोळ उरकली तरी मोरीतून "झालं!" असा पुकारा. आई कपाळावर हात मारून घ्यायची, "अहो, इथे कुठली प्रेस उतरायचीय?"

मग त्या प्रेसला कॉम्प्युटर बसवायचं ठरलं. पडदा, टाइप करायच्या कळा असलं काही नाही. भिंतीवर डब्याएवढी पेटी, तिच्यात प्रोग्राम, आणि साच्याने खाली कधी यायचं आणि कधी नाही हे त्या प्रोग्रामने ठरवायचं. जाळ्यांना स्विच बसवले, म्हणजे कोणती जाळी लागली आणि कोणती उघडी हे पेटीला समजावं. पुण्याहून नाडगीर नावाचे तरुण साहेब आले होते प्रोग्राम लिहायला. त्यांनी जुना माणूस म्हणून अण्णांना बोलावलं आणि विचारलं, "मामा, प्रेस कधी खाली यायला नको, ते तुमच्या शब्दांत सांगा." अण्णांनी सांगितलं, "दोन्ही जाळ्या लागल्या नसल्या तर प्रेस खाली यायला नको." साहेबांनी ते वाक्य शब्दशः उतरवून घेतलं, खाली अण्णांचं नाव घातलं. झालं, त्या दिवसापासून अण्णांची छाती दोन इंच फुगली. चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत, गावाकडच्या लग्नात, जिथे जातील तिथे एकच, "कॉम्प्युटर आपल्या शब्दावर चालतो, मालक!" शेजारच्या कुठल्याही बापाच्या शब्दावर साधा पंखासुद्धा चालत नव्हता, त्यामुळे मलाही बराच भाव खाता आला.

मी तेव्हा कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. करत होते. शेवटच्या वर्षी आम्हाला तर्कशास्त्राचा पेपर होता. पोरं त्याला वैतागायची. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न दर तासाला कोणीतरी विचारायचंच. शिकवणारे सर बारीक, पांढरे केस, तोंडात कायम लवंग. एके दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'सगळी मुलं पास झाली नाहीत.' आणि वळून म्हणाले, "सांगा, किती पास झाली?" अर्धा वर्ग म्हणाला, एकही नाही. अर्धा म्हणाला, काही झाली, काही राहिली. मग जी जुंपली! सर लवंग चघळत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "माणूस भांडून तरी विचारतो. यंत्र विचारत नाही. त्याला तुम्ही जो अर्थ द्याल तो घेऊन ते चालू लागतं. म्हणून यंत्राला सांगण्याआधी वाक्य सोलून बघायचं." मग त्यांनी खऱ्या-खोट्याचा तक्ता काढायला शिकवलं. दोन गोष्टी असतील, तर त्यांच्या अवस्था चारच होऊ शकतात: दोन्ही खऱ्या, फक्त पहिली खरी, फक्त दुसरी खरी, किंवा दोन्ही खोट्या. प्रत्येक ओळीपुढे यंत्र काय करेल ते लिहायचं. एकही ओळ सोडायची नाही. एवढं साधं होतं ते. त्या साध्या तक्त्यावर मी पुढे पुण्यात उभा जन्म काढला. प्रोग्राम चालवून पाहायचा नाही, तो बरोबर आहे की नाही हे गणितासारखं सिद्ध करून द्यायचं, याचा मला पगार मिळायचा. आता निवृत्त होऊन परत नाशकात आलेय. परवा भाच्याने मोबाइलला मराठीत काहीबाही विचारून मला चकित करायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, आण इकडे, आणि सरांचं वाक्य त्या मोबाइललाच घातलं. त्याने एकच अर्थ ठणकावून सांगितला, दुसरा असू शकतो हे त्याच्या गावीही नव्हतं. भाचा म्हणाला, "आत्या, किती हुशार आहे ना?" मी म्हटलं, "हो रे, अगदी आपल्या घरातलाच वाटतो."

सरांच्या त्या तासानंतर चारदोन दिवसांनी अण्णा जेवताना कोणा पाहुण्याला पुन्हा ती फुशारकी सांगत होते. वाक्य मी शंभरदा ऐकलेलं. पण त्या दिवशी घास हातातच राहिला. 'दोन्ही जाळ्या लागल्या नसल्या तर.' म्हणजे एक जरी उघडी असेल तरी प्रेस थांबायची? की दोन्ही उघड्या असतील तरच थांबायची? पाहुणा गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, मागची जाळी उघडी आहे, समोरची लागलीय, आणि शौकतकाकांनी बटणं दाबली. काय होईल?"

"शौकत कशाला दाबेल? मी झालं म्हटल्याशिवाय तो हात नाय लावत."

"पण समजा दाबलीच."

"तर कॉम्प्युटर हाय की! थांबवंल तो. मी सांगितलंय ना साहेबाला."

"तुमच्या वाक्याचे दोन अर्थ होतात, अण्णा. साहेबांनी कोणता घेतलाय, पाहिलंत का?"

अण्णांचा चेहरा उतरला, आणि मग लाल झाला. "दोन अर्थ? माझ्या बोलण्याचे? इतकी वर्षं प्रेसवर काढली, कोणाला दुसरा अर्थ नाय दिसला. लेकीला दिसला! पुस्तकं वाचून बापाला बोलायला शिकवती का गं, कुंदे?" आणि ताट सरकवून उठले. आई म्हणाली, "कशाला त्यांच्या तोंडाला लागतेस? बरं चाललंय त्यांचं." मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. बापाचा हात रोज त्या साच्याखाली जातो आणि त्याला वाचवायला जे बसवलंय ते त्याच्याच वाक्याचा भलता अर्थ घेऊन बसलेलं असू शकतं, एवढंच डोक्यात घोळायला लागलं.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत न्यायची मुभा असायची. मी नवी ओढणी घेऊन गेले ते थेट नाडगीर साहेबांना गाठलं. प्रेसला झेंडूच्या माळा, साच्याला हळदकुंकू, अण्णा पांढऱ्या टोपीत पेढे वाटतायत. मी साहेबांना विचारलं, "एकच जाळी उघडी असली तर प्रेस थांबते का?" ते हसले. "सगळ्या चाचण्या झाल्यात. दोन्ही लावून बघितलं, उतरली. दोन्ही उघडून बघितलं, थांबली."

"आणि एक लावून, एक उघडी ठेवून?"

"अशी वेळच येत नाही."

"म्हणजे नाही बघितलं."

साहेबांचं हसू गेलं. मी म्हटलं, आत्ता बघूया, जाळी उघडून नुसती बटणं दाबायची, आत पत्रासुद्धा नको. आजूबाजूचे सगळे "हां हां, आज नाही!" करून ओरडले. पूजा झालेल्या यंत्राला दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, ही तिथली रीत. अण्णांनी माझा दंड धरला आणि दात आवळून म्हणाले, "चार लोकांत माझी शोभा करू नको." साहेब जाता जाता म्हणाले, "एवढी खात्री आहे तर लिहून दे ना. बघू." त्यांना वाटलं, पोरगी काय लिहिणार.

मी लिहिलं. दोन पानं, सुवाच्य अक्षरात, आधी वाक्य, मग त्याचे दोन अर्थ, मग चारही ओळींचा तक्ता, आणि कोणत्या ओळीत माणसाचा हात जाईल ते. प्रोग्राम मी पाहिला नव्हता, म्हणून सरळ लिहिलं की साहेबांनी दुसरा अर्थ, म्हणजे 'दोन्ही उघड्या असतील तरच थांब', घेतला असेल तर एक जाळी उघडी असतानाही प्रेस उतरेल. सरांची एक शिस्त होती: समोरच्याच्या बाजूने जे खरं असेल ते आधी मान्य करायचं, मगच वाद घालायचा. म्हणून मी सुरुवातीलाच एक ओळ घातली, 'असा प्रोग्राम दिलेल्या वाक्याच्या एका अर्थाला धरून बरोबरच ठरतो.' ते खरं होतं. आजही कोणी खोडायला सांगितलं तर मी ती ओळ खोडणार नाही. खरं ते खरं, मग त्याने कोणाचं घर बसो. कागद अण्णांबरोबर पाठवले. त्यांनी नेले, पण नेताना म्हणाले, "तुझं समाधान म्हणून नेतो. माझा विश्वास नाय." रोज संध्याकाळी मी विचारायचे, साहेब काय म्हणाले? अण्णा म्हणायचे, "बघतायत." मग म्हणायचे, "कामात हायेत." मग एक दिवस खेकसलेच, "ते म्हणाले, कागदावर मशीन चालत नसतं. आता पुरे! मला नोकरी करायची हाय तिथं." त्या घरात त्यापलीकडे बोलायची सोयच नव्हती.

थंडीत कारखान्याने अण्णांच्या शेजारी आणखी एक प्रेस आणून बसवली. तिच्यावर दोन नवे गडी. त्यांनाही अण्णांनीच शिकवलं, पुकाऱ्यासकट. तेव्हा आता एकाच छपराखाली दोन माणसं "झालं!" म्हणून ओरडू लागली. एके दुपारी अण्णांचा तुकडा साच्यात अडकला. ते हात घालून तो सोडवत होते. शेजारचा गडी ओरडला, "झालं!" शौकतकाकांची जाळी लागलेली होती. त्यांनी दोन्ही बटणं दाबली. मागची जाळी सताड उघडी होती, आणि प्रेस खाली आली.

उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठाही पुढे डॉक्टरांना काढावा लागला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा शौकतकाका जिन्यावर बसले होते, अंगावर अण्णांचं रक्त. मला बघून ते उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बेटा, मी आवाज ऐकला. खुदा कसम, तुझ्या बापाचाच वाटला." मी म्हटलं, "काका, तुमची काही चूक नाही." ती त्यांची नव्हतीच. पण ते नंतर कधीही आमच्या घरी आले नाहीत. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा, तो त्यांचा मुलगा दारातूनच देऊन जायचा. दोन दिवस प्रेस बंद होती. तिसऱ्या दिवशी ती सुरू झाली तेव्हा एक जाळी उघडी असली तरी थांबत होती. साहेबांनी प्रोग्राममध्ये एक शब्द बदलला होता, 'समोरची उघडी आणि मागची उघडी असेल तर थांब' यातल्या 'आणि'च्या जागी 'किंवा'. एका शब्दाचं काम. चहा गार व्हायच्या आत होण्यासारखं. ते आधी झालं असतं तर, हे मी मनात इतक्यांदा म्हटलंय की आता त्याचा आवाजही येत नाही.

मग चौकशी झाली. मॅनेजरच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे मॅनेजर, नाडगीर साहेब आणि लिहून घेणारा कारकून. अलीकडे अण्णा, गळ्यात झोळी बांधून हात अडकवलेला. मलाही बोलावलं होतं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता माझे कागद काढतील, म्हणतील, हिने आधीच सांगितलं होतं, चूक आमची. कागद काढलेच. मॅनेजरने त्यातली एक ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती. ती त्याने मोठ्याने वाचली, 'असा प्रोग्राम दिलेल्या वाक्याच्या एका अर्थाला धरून बरोबरच ठरतो.' आणि विचारलं, "अक्षर तुझंच?"

"हो. पण पुढचं वाचा ना. खाली तक्ता आहे."

"म्हणजे प्रोग्राम बरोबर होता."

"एका अर्थाने. आणि तपासायला चार अवस्था होत्या, साहेबांनी दोनच तपासल्या! मी लिहून दिलं होतं, त्यांनी वाचलंसुद्धा नाही!"

"विचारलं तेवढंच सांगायचं," मॅनेजर म्हणाला. आवाज चढवलासुद्धा नाही त्याने. "वाक्य कोणाचं होतं? नाडगीर, तुमचं?"

"नाही सर. मामांनी सांगितलं तसंच केलं मी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझे कागद त्यांनी माझ्यासाठी काढलेच नव्हते. अण्णा नाही म्हणाले असते, माझ्या बोलण्याचा एकच अर्थ होतो आणि तो शेंबड्या पोरालाही कळतो म्हणाले असते, तर सगळं नाडगीरवर आलं असतं, चूक कारखान्याची ठरली असती. हेच तर ते घरी ताट सरकवून मला म्हणाले होते. तीच हट्टी, आडमुठी गोष्ट आता इथे म्हणायची होती, बस. मी टेबलाखालून त्यांच्या गुडघ्याला पाय लावला. 'नाही म्हणा' अशी मान हलवली. मॅनेजर अण्णांकडे वळला. "मामा, तुम्ही सांगितलेल्या वाक्याचे दोन अर्थ होतात, हे तुम्हाला मान्य आहे का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान हललेली त्यांना दिसली, पण तिचा अर्थ त्यांनी वेगळाच घेतला. त्यांना वाटलं, पोरगी घाबरली, बापाने पुन्हा चार लोकांत खोटं पाडलं तर काय करायचं म्हणून. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी काय काय ठरवलं होतं ते मला कधीच सांगितलं नाही. पण त्या खोलीत ते खुर्चीत सरळ झाले, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांना माझ्या बाजूने बोलताना ऐकलं.

"कुंदेनं लिहिलंय ना? मग होत्यात दोन अर्थ," अण्णा म्हणाले. "मी तिचं ऐकलं नाय, ही माझी चूक. गणितात माझ्या पोरीचा हात कोणी धरत नाय, साहेब. लिहून घ्या."

कारकुनाने लिहून घेतलं: सदर चूक कामगारास मान्य. कागद अण्णांसमोर सरकवला, पेन पुढे केलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने खणातून शाईचं पॅड काढलं. माझा बाप सातवी शिकलेला होता, सही झोकात करायचा. त्याने डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला आणि माझ्याकडे बघून हसला.